चालकाचे नाव

सोमवार, ४ नोव्हेंबर

भिंगरी,

नऊ वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही गाडीबद्दल, म्हणून आधीच सांगून टाकतो की घरी सगळं ठीक आहे. पत्ता तुझ्या आईच्या वहीतून घेतला. बदलला असेल तर पत्र परत येईल, मग बघू.

काम असं आहे. गेल्या मंगळवारी आपली गाडी ठोकली. आपली म्हटलं खरं, पण ही तू पाहिलेली नाहीस, तू गेल्यावर वर्षभराने घेतली. छोटी आहे, राखाडी रंगाची. दुपारी बाराच्या सुमारास मी एका गोदामाच्या फाटकात वळत होतो, अंदाज चुकला आणि समोरून खांबावर गेलो. बॉनेट दुमडलं, डावा दिवा फुटला, रेडिएटर गळतोय आणि डावं मडगार्ड चाकाला घासतंय. फाटकाचा खांबही कलला. मला काही लागलं नाही.

आता प्रश्न एवढाच की विम्याचा क्लेम करावा, की गुपचूप आपल्या खिशातून दुरुस्ती करून घ्यावी. तू म्हणशील, चौतीस वर्षं हा माणूस सर्व्हेयर होता, लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांभोवती टॉर्च घेऊन फिरायचा, कोणाला किती द्यायचं ते ठरवायचा, आणि आता मला विचारतोय. बरोबर आहे. पण लोकांच्या गाडीचं जमतं तसं आपल्या गाडीचं जमत नाही.

आठ वर्षांत मी एकदाही क्लेम केला नाही. त्यामुळे हप्त्यात मोठी सूट मिळते, ती क्लेम केला की गेली. शिवाय खर्चाचा पहिला हिस्सा आपणच सोसायचा असतो. पण मिस्त्री म्हणतो काम मोठं आहे, इंजिनाच्या पुढचं सगळं उघडावं लागेल. नुसता हिशेब पाहिला तर क्लेम करणंच शहाणपणाचं. माझ्याकडे कोणी सल्ला मागायला आला असता तर चहा संपायच्या आत मी त्याला हेच सांगितलं असतं. फॉर्म आणून ठेवलाय. अपघातापासून पंधरा दिवसांत द्यायचा असतो. भरायला बसलो की पेन पुढे सरकत नाही.

तुझी आई बरी आहे. हल्ली थोडी विसरते. या वयात सगळेच विसरतात.

तुला काय वाटतं ते कळव. नाही कळवलंस तरी मी समजून घेईन.

बाबा


गुरुवार, ७ नोव्हेंबर

भिंगरी,

पहिल्या पत्राचं उत्तर यायच्या आत दुसरं लिहितोय, कारण पहिल्यात एक वाक्य खोटं होतं. ते दुसऱ्या कोणी पकडायच्या आत मीच सांगतो.

काल गॅरेजमध्ये गेलो होतो. मिस्त्री चाकाजवळ उकिडवा बसला होता. वर न बघता म्हणाला, "साहेब, तुमची उंची किती?"

"का?"

"नाही, सीट एवढी पुढे घेतल्यावर तुम्ही गुडघे कुठे ठेवता, असा विचार करत होतो."

त्याने फडक्याला हात पुसले आणि उठून माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "काळजी करू नका. सीट मी मागे सरकवलीय, आरसाही तुमच्या मापाने लावलाय. कंपनीचा माणूस आला की तुम्हीच चालवत होतात. मॅडमना कशाला त्यात ओढायचं?"

भला माणूस आहे. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सीटच्या अंतरावरून खोटा चालक पकडायची युक्ती मी नवीन पोरांना शिकवायचो. पकडलेला माणूस कसा दिसतो तेही मला ठाऊक आहे. आधी तो हसतो, मग पाणी मागतो. मी मिस्त्रीकडे पाणी मागितलं.

गाडी तुझी आई चालवत होती.

हे वाक्य लिहायला मला सकाळ गेली. तू म्हणशील, मग त्यात काय. आईच चालवणार ना. मला गाडी शिकवली तीही तिनेच. फिरत्या वाचनालयाची ती लांबलचक गाडी बावीस वर्षं तिने चालवली. पुस्तकांची कपाटं मागे हिंदकळत असायची आणि एवढ्या वर्षांत त्या गाडीला एक ओरखडा आला नाही. तिला निरोप देताना वाचनालयाच्या साहेबांनी भाषणात हेच सांगितलं होतं. ती घरी येऊन म्हणाली होती, एवढी पुस्तकं पोचवली त्याचं काही नाही, ओरखड्याचंच कौतुक.

पण गेल्या वर्षी डॉक्टरांनी लिहून दिलं की यांनी यापुढे वाहन चालवू नये. तुझी आई थोडी विसरते असं मी सोमवारी लिहिलं, त्या थोडीचा अर्थ हा आहे.

त्या मंगळवारी माझी दाढ ठणकत होती. दातांच्या डॉक्टरांकडे अर्ध्या तासात जाऊन येतो म्हणून निघालो. शेजारच्या ताईंना एरवी सांगून जातो, त्या येऊन बसतात. त्या दिवशी म्हटलं, अर्ध्या तासासाठी कशाला त्रास द्यायचा. किल्ली माझ्या हिवाळी बुटांत लपवलेली असते. तिला ती कशी सापडली देव जाणे. घर कुठे आहे ते विसरते, पण माझी लपवायची जागा बरोबर ओळखते.

म्हणजे आता दोन रस्ते नाहीत, तीन आहेत. क्लेम करून चालक म्हणून माझं नाव टाकायचं. क्लेम करून तिचं नाव टाकायचं, म्हणजे डॉक्टरांचा कागदही जोडावा लागेल आणि क्लेम नामंजूर होणार हे मी डोळे मिटून सांगतो. किंवा कोणालाच काही न सांगता खिशातून पैसे भरायचे. तिसऱ्या रस्त्यात खोटं काहीच नाही, नुसतं गप्प बसायचं आहे. गप्प बसण्यात मी तरबेज आहे हे तुला माहीत आहे.

बाबा


रविवार, १० नोव्हेंबर

भिंगरी,

ती कुठे निघाली होती ते मी अजून लिहिलं नाही. मला स्वतःलाच ते आज नीट कळलं.

ज्या गोदामाच्या फाटकावर गाडी गेली, तिथे आता फरशा ठेवतात. सहा वर्षांपूर्वीपर्यंत तिथे तुझी शाळा होती. मुलं कमी झाली म्हणून बंद केली. भिंतीवर चित्रं होती ती पुसून पिवळा रंग दिलाय, फाटक मात्र तेच आहे.

आज तिथल्या चौकीदाराला भेटायला गेलो. तो गाडीसमोरून बाजूला उडी मारताना पडला होता आणि त्याचं मनगट मोडलं. हेही मी आधी लिहिलं नव्हतं. साठीच्या पुढचा माणूस आहे. फाटकाजवळच्या खोलीत एक स्टूल, एक रेडिओ आणि खिडकीत वाळत घातलेला एक शर्ट. त्याने प्लास्टरच्या हातानेच स्टूल पुसून मला बसायला दिलं आणि स्वतः उभा राहिला.

म्हणाला, "बाई बराच वेळ हॉर्न वाजवत होत्या. मी बाहेर येऊन सांगितलं, आज माल मिळणार नाही. तर मला विचारतात, घंटा झाली का? मी म्हटलं, कसली घंटा? तेव्हा त्यांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग घाबरल्या. मागे घ्यायला गेल्या आणि गाडी पुढे आली."

"तुम्ही पोलिसांना का बोलावलं नाही?"

"बोलावणार होतो. मी उठून गाडीपाशी गेलो तर त्या रडत होत्या. मला म्हणाल्या, तुम्हाला लागलं का हो. मी विचारलं, कोणाला न्यायला आलात? म्हणाल्या, मुलीला. तिसरीत आहे, बाराला सुटते. मला उशीर झाला तर ती रडत नाही, पण मग दिवसभर बोलत नाही."

भिंगरी, तो माणूस हे मला सांगत होता आणि मी त्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघत होतो. दिवसभर न बोलणारी ती तिसरीतली पोर त्याला काय माहीत.

तो म्हणाला, "माझ्या थोरल्या बहिणीचं शेवटी असंच झालं होतं. त्यामुळे माझ्या लक्षात आलं. मग मी त्यांना सांगितलं, अजून घंटा व्हायचीय बाई, बसा निवांत. दार उघडून त्यांच्या शेजारी बसलो. त्यांच्या पिशवीत चिठ्ठी होती, तुमच्या नंबरची. तुम्ही येईपर्यंत आम्ही घंटेची वाट बघत बसलो होतो."

मी पोचलो तेव्हा तो तिच्या शेजारी हात मांडीवर धरून बसला होता हे मला आठवतं. हात मोडलाय हे तेव्हा मला कळलंही नाही. मी आधी बॉनेट पाहिलं. मग खांब. मग तिला. सवय, दुसरं काय.

त्याला मी सांगितलं की औषधपाण्याचा खर्च माझा, आणि क्लेम केला तर त्याचं नाव कागदावर येईल. तो म्हणाला, "लिहा की. पडलो तर होतोच." आणि थोड्या वेळाने, "नाही लिहिलंत तरी मी कुणाला सांगायला जाणार नाही. तुम्हाला जसं बरं वाटेल तसं करा."

मला कसं बरं वाटेल हे मला कोणी विचारून किती वर्षं झाली असतील. मी स्टूल भिंतीला लावून ठेवलं आणि निघून आलो.

बाबा


मंगळवार, १२ नोव्हेंबर

भिंगरी,

उद्या फॉर्मची मुदत संपते. दुपारी जेवल्यावर तुझ्या आईचा डोळा लागला, तेव्हा फॉर्म घेऊन बसलो. पहिली पाच-सहा घरं भराभर भरली. पॉलिसी क्रमांक, गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, जागा. मग 'अपघाताच्या वेळी चालकाचे नाव' आलं आणि तिथे मी माझं नाव लिहिलं. मुद्दाम ठरवून नाही. हात आपोआप गेला. लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी उठून तुझ्या आईच्या अंगावर पांघरूण नीट केलं.

आणि मग मला तू आठवलीस.

काय झालं होतं ते तुला माहीतच आहे, पण ते मला माझ्या हाताने एकदा लिहायचं आहे. बेकरीवाल्या बाईंची पावाची गाडी सकाळी सहाला विजेच्या खांबावर गेली. गाडी नेहमी त्यांचा थोरला मुलगा चालवायचा, त्याच्याकडे परवाना होता. त्या दिवशी तो तापाने पडला होता म्हणून धाकटा घेऊन निघाला. एकोणीस वर्षांचा, परवाना अजून हातात यायचा होता. तुझंही वय तेवढंच. फाइल माझ्या टेबलावर आली. त्या संध्याकाळी तू माझ्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा, थोरला चालवत होता एवढंच लिहा. एक नाव तर बदलायचंय. त्यांचं सगळं त्या गाडीवर चालतं."

मी म्हणालो, "मी खोटं लिहीत नाही."

क्लेम नामंजूर झाला. गाडी दुरुस्त करायला त्यांच्याकडे काही नव्हतं. वर्षाच्या आत बेकरीला कुलूप लागलं आणि त्या बाई कुठल्याशा कारखान्यात डबे भरायच्या कामाला लागल्या. पुढच्या वर्षी तू त्या धाकट्याशी लग्न केलंस आणि जाताना मला म्हणालीस की तुम्हाला पोचा दिसतो, माणूस दिसत नाही. मी नऊ वर्षं त्यावर मनात उत्तर देत आलोय. नियम म्हणजे नियम. आज एकाला सोडलं तर उद्या सगळ्यांना सोडावं लागेल. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण मी खरं तेच लिहिलं.

आता जे लिहितोय ते तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, तुझ्या आईलाही नाही.

त्या गाडीत चालकाच्या शेजारी तू बसली होतीस. तू दारात येऊन उभी राहिलीस त्याच्या आधीच मला ते कळलं होतं. सीटखाली तुझी निळी ओढणी सापडली होती. तुझ्या आईने वाढदिवसाला घेतलेली, मी ओळखणार नाही का. सर्व्हेयरच्या घरचं माणूस गाडीत असेल तर त्याने फाइल दुसऱ्याकडे द्यायची, असा नियम होता. फाइल दिली असती तर कारण सांगावं लागलं असतं. माझी मुलगी पहाटे कोणाबरोबर हिंडते ते ऑफिसभर झालं असतं. म्हणून मी ओढणी पिशवीत टाकली आणि अहवालात लिहिलं, 'वाहनात चालकाशिवाय अन्य कोणी नव्हते.'

म्हणजे मी खोटं लिहीत नाही असं तुला सांगत होतो, तेव्हा खोटं लिहून झालेलं होतं. त्याची शाईही वाळलेली होती. त्या अहवालात एक खोटं माझ्यासाठी चाललं. दुसरं त्या पोरासाठी मला चाललं नाही.

फाइल दुसऱ्या कोणाकडे गेली असती तर काय झालं असतं? कदाचित तेच. पण मग ते मी केलेलं नसतं.

दुपारचे चार वाजले. तुझी आई उठली. मी फॉर्म फाडला आणि ऑफिसात जाऊन नवा आणला. चालकाच्या नावापुढे तिचं नाव लिहिलं, पूर्ण, लग्नानंतरचं. 'अपघाताचे कारण' या घरात तीन ओळी असतात, त्या पुरल्या नाहीत. मागे कागद जोडला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. मला मनाई माहीत होती तरी किल्ली घरात ठेवली आणि तिला एकटं सोडून गेलो, हेही लिहिलं. चौकीदाराचं मनगट लिहिलं. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही, आणि तिचं नाव मी कुठे लिहिलं तर फॉर्मच्या या घरात.

उद्या सकाळी नेऊन देतो.

बाबा


बुधवार, २० नोव्हेंबर

भिंगरी,

तुझं पत्र आलं. पाकीट उघडायच्या आधी मी हात धुतले, का ते मलाही ठाऊक नाही. आत एकच ओळ. "आई कधीपासून अशी आहे?"

माझ्या ओढणीच्या कबुलीवर एक शब्द नाही, क्लेमवर नाही. ते योग्यच आहे. विचारायचं तेच तू विचारलंस.

अडीच वर्षं झाली. त्याआधीही असेल, मी बघितलं नसेल. आधी नावं गेली, मग वार गेले. एकदा भाजी आणायला म्हणून गेली आणि वाचनालयाच्या बंद दारापाशी सापडली, किल्ली मागत होती.

आता तू जे विचारलं नाहीस तेही सांगतो. ती तुला दर रविवारी गच्चीवर जाऊन फोन करायची हे मला माहीत होतं. मी कधी दाखवलं नाही, पण रविवारी त्या वेळी मी मुद्दाम रेडिओ मोठा लावायचो, म्हणजे तिला मोकळेपणाने बोलता यावं. पायऱ्या उतरून आली की तिच्या चेहऱ्यावरून मला तुझी खबर कळायची. तुला नोकरी लागली ते मला तसंच कळलं. तुझं बाळ राहिलं नाही तेही तसंच कळलं. आठ दिवस ती जेवली नाही आणि मी विचारलं नाही.

मग तिचे फोन बंद झाले. तुला वाटलं असेल, आईनेही पाठ फिरवली. तिने नाही. ती तुझा नंबर लावायला जायची आणि भलताच लागायचा. परक्या माणसांना दिवसातून वीस वेळा फोन जायचे, लोक शिव्या द्यायचे, ती हबकून बसायची. म्हणून मी फोन बंद करून माझ्या कपाटात ठेवला. पण त्याआधी दोन महिने तो चालू होता आणि तुझे फोन येत होते. पडद्यावर 'भिंगरी' दिसायचं. मी बघत बसायचो. एकदा उचलला. तू म्हणालीस, "आई?" दोनदा म्हणालीस. मी श्वाससुद्धा घेतला नाही. नंतर फोन ठेवून दिला.

तुझ्या आईने ठेवला असं तुला वाटावं, एवढंच मी त्या दिवशी केलं. तो मी होतो.

मला तेव्हा बोलता आलं असतं. "आई बरी नाही, ये," एवढे चारच शब्द. पण तू आली असतीस आणि माझ्यासमोर उभी राहिली असतीस, आणि मला ते सहन झालं नसतं. म्हणून तुला दोन वर्षं आईशिवाय ठेवलं, आणि तिला तुझ्याशिवाय. तिला तुझं तोंड ओळखता येत होतं ती दोन वर्षं मी संपवली.

क्षमा हा शब्द लिहून खोडला. तो लिहायची माझी लायकी नाही.

क्लेम दिलाय. कालच नवीन सर्व्हेयर येऊन गेली, तुझ्याच वयाची मुलगी. गाडीभोवती एक फेरी मारली, बरोबर उजवीकडून सुरुवात केली. जाताना म्हणाली, "सर, तुमचं नाव मी ट्रेनिंगमध्ये ऐकलंय. तुम्ही तो रकाना वेगळा भरला असतात तर मी काही विचारलं नसतं."

मी म्हटलं, "ठाऊक आहे मला."

बाबा


सोमवार, ९ डिसेंबर

भिंगरी,

तू न कळवता आलीस आणि काही न बोलता गेलीस. दोन्ही तुझा हक्क आहे. तुला परत न्यायला जावईबापू स्टेशनवर थांबले होते हे मला नंतर कळलं. त्यांना घरी या म्हणायची माझी हिंमत झाली नसती, तरी त्यांना सांग की मी विचारत होतो.

विम्याचं आधी संपवतो. कंपनीचं पत्र आलं, क्लेम नामंजूर. 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध वाहन चालवू दिल्याने.' वाक्यरचना माझीच आहे, मीच कधीतरी त्यांना तयार करून दिली होती. मी असतो तर मीही हाच शेरा मारला असता. दुरुस्ती केली नाही. मिस्त्रीने गाडी आहे तशी विकत घेतली. त्यात चौकीदाराचा दवाखाना झाला, तो घरी बसला त्या दिवसांची मजुरी झाली आणि फाटकाचा खांब उभा राहिला. राहिलेले बेकरीवाल्या बाईंच्या नावाने पाठवणार होतो. मग वाटलं, ते माझं मन हलकं करण्यासाठी होईल, त्यांच्यासाठी नाही. तू सांगशील तसं करेन.

तुझी आई रोज विचारते, गाडी कुठाय. मी सांगतो, दुरुस्तीला दिलीय, शनिवारी येईल. हे खोटं मी रोज बोलतो आणि त्याचं मला काही वाटत नाही.

त्या शनिवारी, ३० तारखेला, तू तिच्यासमोर बसलीस तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. मला सगळं ऐकू येत होतं. तिने विचारलं, "तुम्ही कोण?" मला वाटलं, आता ही सांगणार, मी तुझी मुलगी, आणि ती घाबरणार. पण तू म्हणालीस, "मी भिंगरीच्या शाळेतली बाई."

"हो का? बसा ना. कशी आहे अभ्यासात?"

"चांगली आहे. थोडी हट्टी आहे."

"वडिलांवर गेलीय," ती म्हणाली, आणि तुम्ही दोघी हसलात. या घरात तुमचं दोघींचं हसणं मी नऊ वर्षांनी ऐकलं. मग ती एकदम गंभीर झाली. तुझा हात धरून म्हणाली, "तिला एक निरोप द्याल? मला यायला उशीर झालाय. एकटीने रस्ता ओलांडू नको म्हणावं. मी येईपर्यंत तिथेच थांब म्हणावं."

तू म्हणालीस, "थांबलीय ती."

त्यानंतर तू न्हाणीघरात गेलीस आणि नळ सोडून ठेवलास. बराच वेळ पाणी वाहत होतं. मी दाराबाहेर उभा होतो. दोनदा हात वर केला, पण दार वाजवलं नाही. आत कोण रडत होतं, तिसरीतली की तिशीतली, मला कळत नव्हतं. आणि कुठल्याच भिंगरीला काय म्हणायचं ते मला येत नव्हतं.

रविवारी सकाळी तू तिचे केस विंचरलेस, नखं कापलीस, तिच्या कपाटातले कपडे घड्या घालून ठेवलेस. तिच्या औषधांच्या वेळा मला एका कागदावर लिहून दिल्यास. तू मला म्हणालेलं एकच वाक्य, "संध्याकाळची गोळी जेवणानंतर द्या." मी तेवढंच उराशी धरून आहे. गोळी बरोबर देतोय.

हे पत्र मी माझ्यासाठी लिहीत नाहीये. आज चहा घेताना तुझ्या आईने विचारलं, "त्या शाळेतल्या बाई पुन्हा कधी येणार?" तिला दोन दिवसांपूर्वी काय झालं ते आठवत नाही, पण तू आठवतेस. आठ दिवस झाले तरी आठवतेस. तुझं नाव नाही, नातं नाही, पण कोणीतरी येऊन केस हळू विंचरून गेलं, एवढं तिच्याजवळ राहिलंय. डॉक्टर म्हणतात, हेही फार दिवस राहणार नाही.

मी तिला म्हटलं, पत्र लिहून विचारतो. म्हणून विचारतोय.

जमेल तेव्हा ये. आधी एक ओळ कळवलीस तर पुरे. माझ्याशी बोलावं लागू नये अशी सोय मी करेन. समोरच्या बागेत बाक आहे, तिथून आपली खिडकी दिसते. तू असेपर्यंत मी तिथे बसेन. तुमचं झालं की पडदा सरकव, म्हणजे मी वर येईन.

बाबा